लेखनविद्या आणि आंतरजालावरील साधने

कोणत्याही साधनाची परीक्षा ते किती सुलभ आहे ह्यावरून न करता, ज्या साध्यासाठी ते निर्माण झाले ते साध्य त्याच्या योगाने कितपत साधते ह्यावरून केली पाहिजे, हे तत्त्व सर्वमान्य आहे. परंतु साधन नवे असले म्हणजे ह्या तत्त्वाचा विसर पडतो असा नेहमीचा अनुभव आहे. विद्यार्थ्यांस व्याकरण व लेखन शिकविण्यासाठी आंतरजालावर आज जी साधने उपलब्ध झाली आहेत त्यांच्याविषयी आपल्याकडे जे बोलले व लिहिले जाते ते बहुधा त्यांच्या संख्येविषयी आणि सुलभतेविषयी असते. इतके पाठ, इतक्या प्रश्नावल्या, सर्व काही विनामूल्य आणि सर्व काही हातातल्या फोनवर, असे त्यांचे गुणवर्णन आपण ऐकतो. ह्या साधनांच्या आधारे शिकलेल्या विद्यार्थ्यास आपल्या मनातील गोष्ट मराठीत चार परिच्छेदांत नीट मांडता येऊ लागते की नाही, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात आम्ही तोच प्रश्न विचारणार आहो.

ह्या प्रश्नास आज विशेष निकड आली आहे. २०२० साली झालेल्या कायद्याने महाराष्ट्रातील सर्व माध्यमांच्या व सर्व मंडळांच्या शाळांत पहिलीपासून दहावीपर्यंत मराठीचे अध्यापन टप्प्याटप्प्याने सक्तीचे झाले. त्यामुळे ज्यांच्या घरी मराठी बोलली जात नाही, किंवा बोलली जाते पण लिहिली जात नाही, अशी पुष्कळ मुले प्रथमच मराठी लेखनाच्या वाटेस लागली आहेत. आणि त्यांचे शिक्षक व पालक मदतीसाठी प्रथम वळतात ते पुस्तकाच्या दुकानाकडे नव्हे, तर आंतरजालाकडे. पुढे ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्या निर्णयाने भाषेच्या भूतकाळाचा योग्य तो गौरव झाला. पण तिचा भविष्यकाळ ह्या मुलांच्या वह्यांत आहे, आणि त्या वह्यांत काय लिहिले जाईल हे पुष्कळ अंशी वरील साधनांच्या गुणावगुणांवर अवलंबून राहणार आहे.

ही साधने स्थूलमानाने तीन प्रकारची आहेत: संग्रह, पाठ आणि तपासनीस. ह्यांपैकी संग्रहांविषयी आम्हांस आनंदच व्यक्त करावयाचा आहे. शिकागो विद्यापीठाने दक्षिण आशियातील भाषांचे कोश आंतरजालावर मांडले आहेत. त्यांत मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश, दाते, कर्वे प्रभृतींनी १९३२ ते १९५० ह्या काळात सिद्ध केलेला 'महाराष्ट्र शब्दकोश', वझे यांचा कोश, आणि शं. गो. तुळपुळे व अॅन फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश, इतकी सामग्री कोणासही घरबसल्या पाहता येते. जे ग्रंथ पाहण्यासाठी पूर्वी जिल्ह्याच्या गावी जाऊन ग्रंथपालाची मनधरणी करावी लागे ते आज खेड्यातील मुलास खुले झाले आहेत. बालभारतीची पाठ्यपुस्तकेही तिच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. ही लहान गोष्ट नव्हे. तथापि कोठार भरलेले असणे आणि स्वयंपाक येणे ह्या दोन गोष्टी भिन्न आहेत. ज्यास शब्द हवा आहे हे ठाऊक आहे त्यास कोश शब्द देतो. आपणांस कोणता शब्द हवा आहे हे ज्यास अजून कळत नाही, आणि शिकाऊ लेखकाची स्थिती बहुधा हीच असते, त्यास कोश मुका आहे.

आता पाठांकडे वळू. मराठी व्याकरणाचे म्हणून जे पाठ, ज्या टिपणांच्या माळा आणि जी चित्रफितीवरील व्याख्याने आंतरजालावर आढळतात, त्यांपैकी फार मोठा भाग शाळेतील मुलांसाठी केलेला नसून स्पर्धा-परीक्षांस बसणाऱ्या उमेदवारांसाठी केलेला आहे. लोकसेवा आयोगाच्या, तलाठ्याच्या, पोलीसभरतीच्या परीक्षेत व्याकरणाचे प्रश्न असतात. त्यांची उत्तरे चार पर्यायांतून निवडावयाची असतात. आणि हे पाठ त्या निवडीची तयारी करून देतात. त्यात गैर काही नाही. नोकरीसाठी धडपडणाऱ्या तरुणास ज्याचा उपयोग होतो ते त्यास मिळालेच पाहिजे. पण झाले आहे असे की, दुसरे काही फारसे नसल्यामुळे शाळेतील शिक्षक आणि मुलेही हेच पाठ वापरू लागली, आणि परीक्षेच्या सोयीसाठी व्याकरणास जे रूप देण्यात आले तेच व्याकरणाचे खरे रूप, अशी समजूत रूढ होऊ लागली.

हे रूप म्हणजे नावांचे व्याकरण. 'नीलकंठ' हा बहुव्रीही, 'रामाने रावणास मारले' हा भावे प्रयोग, अमुक शब्द देशी व अमुक तद्भव, अशा ओळखींची ती एक लांबलचक यादी असते. विद्यार्थी समास ओळखतो, पण स्वतः समास करीत नाही. प्रयोगाचे नाव सांगतो, पण आपल्या लेखनात कोणता प्रयोग का योजावा ह्याचा विचार त्यास कधी करावा लागत नाही. १८३६ साली दादोबा पांडुरंगांनी आपले व्याकरण प्रसिद्ध केले, तेव्हापासून १९११ साली मोरो केशव दामल्यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' बाहेर पडेपर्यंत, प्रयोग किती मानावे, विभक्ती कोणत्या तत्त्वावर ठरवाव्या, ह्या प्रश्नांवर आपले वैयाकरण एकमेकांशी हिरिरीने वाद घालीत होते. दामल्यांचा ग्रंथ तर पूर्वसूरींच्या मतांच्या खंडनमंडनाने भरलेला आहे. त्या वादांत भाषा ही विचार करण्याची वस्तू होती. आजच्या टिपणांत ती पाठ करण्याची वस्तू झाली. मो. रा. वाळंबे यांच्या सर्वपरिचित पुस्तकाच्या नावात 'व्याकरण' आणि 'लेखन' हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी आहेत. आंतरजालावर येताना त्यांतील दुसरा शब्द वाटेत गळून पडला, असे म्हणावयास हरकत नाही.

व्याकरण निरुपयोगी आहे असे आमचे म्हणणे नाही. उलट ते ज्या उपयोगाचे आहे तो उपयोगच कोणी दाखवीत नाही, ही आमची तक्रार आहे. एक उदाहरण घेऊ. 'मी कप फोडला', 'माझ्या हातून कप फुटला' आणि 'कप फुटला' ही तीन वाक्ये एकाच घटनेची आहेत. पहिल्यात बोलणारा दोष आपल्याकडे घेतो, दुसऱ्यात तो दोषाचा वाटा हाताकडे लोटतो, आणि तिसऱ्यात तो स्वतः नाहीसाच होतो. घरात कप फोडलेले कोणतेही मूल ही तीन वाक्ये आणि त्यांतील भेद बिनचूक जाणते. त्याला पुढे सांगावे की, वर्तमानपत्रात 'निर्णय घेण्यात आला', 'झाडे तोडण्यात आली' असे जे छापून येते ते ह्या तिसऱ्या वाक्याचेच मोठ्या घरचे भावंड आहे. तेथे निर्णय कोणी घेतला आणि झाडे कोणी तोडली हे शोध. असा पाठ झाला म्हणजे फोडणे आणि फुटणे, सकर्मक आणि अकर्मक, कर्ता आणि कर्म ह्या संज्ञा मुलाच्या हातात हत्यारांप्रमाणे येतात. ह्या जातीचा एक पाठ शोधून काढण्यासाठी 'प्रयोग ओळखा'चे शंभर पाठ ओलांडावे लागतात, ही आजची स्थिती आहे.

संज्ञांच्या घोकंपट्टीने लेखन सुधारत नाही ही गोष्ट केवळ आमच्या मतावर सोपवावी असेही नाही. अमेरिकेत १९६३ साली ब्रॅडक, लॉइड-जोन्स आणि शोअर ह्या तिघांनी लेखनाच्या अध्यापनाविषयी तोवर झालेल्या संशोधनाचा आढावा घेतला. औपचारिक व्याकरणाच्या शिकवणीचा लेखनाच्या सुधारणेवर परिणाम नगण्य होतो, आणि ती शिकवणी प्रत्यक्ष लेखनाच्या सरावाचा वेळ खाते म्हणून कदाचित अपायकारकही ठरते, असा कडक निष्कर्ष त्यांनी काढला. पुढे २००७ साली ग्रॅहम व पेरिन यांनी चौथी ते बारावीच्या विद्यार्थ्यांवर झालेले पुष्कळ प्रयोग एकत्र करून पाहिले, तेव्हाही सुट्या व्याकरणपाठांचा हिशेब तोट्याचाच निघाला. त्याच पाहणीत लहान वाक्ये जोडून मोठे वाक्य बनविण्याचा सराव मात्र फायद्याचा ठरला. हे प्रयोग इंग्रजीचे आहेत, मराठीचे नव्हेत, हे ध्यानात ठेवले पाहिजे. पण ओळखणे आणि करणे ह्यांतील अंतर कोणत्याही एका भाषेचे नाही. पोहण्याच्या प्रकारांची नावे पाठ असलेला मनुष्य मुळामुठेत बुडतो तसाच टेम्स नदीतही बुडतो.

तिसरा प्रकार तपासनिसांचा. लिहिलेला मजकूर यंत्र पाहते आणि चुकीच्या शब्दाखाली तांबडी रेघ ओढते. युनिकोड नावाच्या संकेतपद्धतीत देवनागरीचा समावेश १९९१ सालीच झाला होता. तरी मराठी टंकलेखन पुढे पुष्कळ वर्षे निरनिराळ्या कंपन्यांच्या निरनिराळ्या टंकांत अडकून राहिले, आणि एका टंकातील मजकूर दुसऱ्या यंत्रावर उघडला की अक्षरांचा नुसता बुजबुजाट दिसे. अशा स्थितीत यंत्राने मराठी तपासणे अशक्यच होते. ती अडचण दूर झाल्यावर हनस्पेल ह्या मुक्त प्रणालीवर चालणारे मराठी तपासनीस तयार झाले. हनस्पेल मुळात हंगेरियन भाषेसाठी निर्माण झाली. हंगेरियनप्रमाणेच मराठीतही एका शब्दास प्रत्ययांवर प्रत्यय लागतात: घर, घरात, घरातला, घरातल्यांना, घरातल्यांनासुद्धा. ह्या सर्व रूपांची यादी करणे अशक्य, म्हणून मूळ शब्द व प्रत्ययांचे नियम यंत्रास शिकवावे लागतात. ज्या स्वयंसेवकांनी हे काम केले त्यांचे परिश्रम स्तुत्य आहेत, आणि टंकलेखनातील निसटत्या चुका पकडण्यास त्यांचा तपासनीस खरोखर उपयोगी पडतो.

पण उपयोगी नोकरास घराचा धनी करू नये. शब्दसंग्रहावर चालणारा तपासनीस शब्द पाहतो, वाक्य पाहत नाही. 'दिन' आणि 'दीन' हे दोन्ही शब्द त्याच्या संग्रहात आहेत. म्हणून शाळेच्या फलकावर 'शिक्षक दीन' असे लिहिले तरी त्याची हरकत नसते, आणि शिक्षकांच्या आर्थिक स्थितीवरील ते मार्मिक भाष्य तसेच टांगले जाते. 'शिर' आणि 'शीर', 'सुत' आणि 'सूत' ह्यांची गोष्टही तीच. ह्याहून गंभीर बाब निराळी आहे. 'माझी मदत कर' ह्या वाक्यातील तिन्ही शब्द शुद्ध आहेत. अशुद्ध आहे ते वाक्य. मराठीत मदत 'मला' करावयाची असते. 'माझी' हे हिंदीवरून उचललेले आहे. 'शिक्षकांच्या द्वारे मुलांना सांगितले गेले' ह्या वाक्यातही यंत्रास दोष दिसणार नाही. पण 'शिक्षकांनी मुलांना सांगितले' हे सोपे वाक्य सोडून लेखक ह्या आडवाटेस का गेला, हे मराठी कानास तत्काळ खुपते. आजच्या विद्यार्थ्याच्या मराठीस जो खरा रोग जडला आहे तो ह्रस्वदीर्घाचा नव्हे, वाक्यरचनेचा आहे. आणि तपासनिसाचे औषध मात्र ह्रस्वदीर्घाचे आहे. रेघ उमटली नाही म्हणजे आपले लेखन निर्दोष झाले, असे विद्यार्थ्यास वाटू लागते. हे खोटे समाधान आम्हांस चुकीपेक्षाही घातक वाटते.

तांबड्या रेघेचा आणखी एक परिणाम आहे, आणि त्याचा विचार कोणी करीत नाही. वऱ्हाडात, खानदेशात, मराठवाड्यात, कोकणात घरोघरी जी मराठी बोलली जाते ती ग्रंथांतील मराठी नव्हे. 'पानी' म्हणणारे मूल 'पाणी' लिहावयास शिकते हे योग्यच आहे. सर्वांस वाचता यावे म्हणून लेखनाचे एक सामान्य वळण असावेच लागते. पण चांगला शिक्षक त्यास सांगतो की, घरी तू म्हणतोस ते घरचे, आणि कागदावर लिहावयाचे ते सर्वांचे. आणि गोष्टीत आजीच्या तोंडी शब्द घालशील तेव्हा आजीचेच शब्द घाल. यंत्रास हा विवेक नाही. त्याच्या लेखी आजीचे सगळे बोलणे म्हणजे चुकांची रांग. साहित्य महामंडळाचे चौदा लेखननियम शासनाने १९६२ साली मान्य केले, व १९७२ साली त्यांत चारांची भर पडली. ह्या नियमांविषयी मतभेद पुष्कळ आहेत. परंतु त्यांच्या कर्त्यांनीही वृत्ताच्या बंधनात सापडलेल्या कवीस ह्रस्वदीर्घाचे तेवढ्यापुरते स्वातंत्र्य ठेवले होते. नियम करणाऱ्यांस अपवादाची जाण होती. नियम राबविणाऱ्या यंत्रास ती नाही. ज्या मुलाच्या पहिल्याच निबंधात दर ओळीस तांबडी रेघ उमटली ते मूल पुढच्या वेळी चांगले लिहीत नाही. ते कमी लिहिते, आणि पाठ्यपुस्तकातील वाक्ये उचलून लिहिते, कारण ती निर्धोक असतात.

येथे असा आक्षेप येईल की, आम्ही सुखवस्तू वाचकाच्या दृष्टीने बोलत आहो. ज्या गावी मराठीचा चांगला शिक्षकच नाही, तेथील मुलास हे अपुरे साधनही काहीच नसण्यापेक्षा बरे. ह्या आक्षेपात तथ्य आहे आणि तो आम्ही झिडकारीत नाही. परंतु त्यातून निष्पन्न काय होते? शहरातील मुलास शिक्षक, आणि खेड्यातील मुलास पर्यायी प्रश्नांचा पाठ, अशी वाटणी कायम करावी असे तर नव्हे? साधन अपुरे असेल तर ते अपुरे आहे असे स्पष्ट म्हणणे हे त्या मुलाच्याच हिताचे आहे. कारण साधनाची वाहवा झाली की शिक्षकाची उणीव भरून निघाली असे मानण्यास सर्व संबंधित मोकळे होतात.

ह्या बाबतीत ज्या संकेतस्थळाचा आदर्श जगभर मानला जातो त्याचा इतिहास बोधप्रद आहे. अमेरिकेतील इंडियाना राज्यात पर्ड्यू विद्यापीठ आहे. तेथे म्युरिएल हॅरिस ह्या विदुषींनी १९७६ साली एक लेखनशाळा काढली. तिची पद्धत अशी की, विद्यार्थ्याने आपला लेख घेऊन यावे, मार्गदर्शकाच्या शेजारी बसावे, आणि दोघांनी मिळून तो वाचावा. मार्गदर्शकाने चुका दुरुस्त करून द्यावयाच्या नसत. त्याने प्रश्न विचारावयाचे: येथे तुला काय म्हणावयाचे होते? हे वाक्य त्या वाक्यानंतर का आले? ह्या शेजारी बसून शिकविण्याच्या पद्धतीवर हॅरिस यांनी १९८६ साली स्वतंत्र पुस्तकही लिहिले. विद्यार्थ्यांस घरी नेण्यासाठी विरामचिन्हे, परिच्छेदरचना, संदर्भ देण्याच्या पद्धती इत्यादी विषयांवरील टिपणे तेथे ठेवलेली असत. १९९४ साली ही लेखनशाळा आंतरजालावर आली, आणि तिची टिपणे जगातील शाळा-महाविद्यालयांत पोचली. टिपणे उत्तम आहेत ह्यात संशय नाही. पण तारेवरून जाऊ शकली ती टिपणे. शेजारची खुर्ची आणि तिच्यावर बसलेला मार्गदर्शक जेथल्या तेथे राहिले. पर्ड्यूच्या विद्यार्थ्यास टिपण आणि खुर्ची दोन्ही मिळतात. आपण टिपणांचे अनुकरण करतो आणि त्यासच लेखनशिक्षण म्हणतो. मूळ लेखनशाळेचे सार मात्र खुर्चीत होते.

ह्यापुढची पायरी अगदी अलीकडची आहे. इंग्रजी लेखन तपासून सुधारणा सुचविणारी ग्रामर्ली ही सेवा २००९ साली निघाली. तिने निदान विद्यार्थ्याचे वाक्य विद्यार्थ्याजवळच ठेवले होते. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी हे संभाषणयंत्र लोकांपुढे आले, आणि तेव्हापासून विषय सांगितला की संपूर्ण निबंध, तोही मराठीत, क्षणात हाती येऊ लागला. ह्या यंत्रांविरुद्ध सरसकट ओरड करण्याची आमची इच्छा नाही. 'माझ्या ह्या परिच्छेदात वाचकास काय कळणार नाही?' असे ज्याने यंत्रास विचारले त्याने त्याचा उपयोग काही अंशी वर सांगितलेल्या मार्गदर्शकासारखा करून घेतला. पण 'पावसाळ्यातील एक दिवस ह्यावर निबंध दे' असे ज्याने म्हटले, त्याचा पावसाळ्यातील एकही दिवस त्या निबंधात असणार नाही. निबंध गुळगुळीत असेल, ह्रस्वदीर्घ बहुधा बरोबर असेल, तांबडी रेघ उमटणार नाही. आणि शुद्धता म्हणजेच लेखन असे ज्या व्यवस्थेने आजवर शिकविले, तिला त्या निबंधात नाव ठेवण्यास जागा सापडणार नाही. यंत्राने ही व्यवस्था बिघडविली नाही. ती आतून किती पोकळ होती एवढेच दाखवून दिले.

मग करावे काय? प्रथम, पाठांचे केंद्र शब्दावरून वाक्यावर आणावे. वाक्ये जोडण्याच्या ज्या सरावाचा उल्लेख वर आला तो आपणांस परका नाही. आपल्या शालेय व्याकरणात 'वाक्यसंश्लेषण' ह्या नावाने तो आहेच, पण तो केवल, मिश्र, संयुक्त ह्या नावांच्या ओळखीपाशी थांबतो. त्यास पुढे न्यावे. 'पाऊस पडला. नदीला पूर आला. गावचा रस्ता बंद झाला.' ही तीन वाक्ये मुलास द्यावी. एक मूल लिहील, 'पाऊस पडून नदीला पूर आल्यामुळे गावचा रस्ता बंद झाला.' दुसरे लिहील, 'पाऊस असा पडला की नदीला पूर येऊन गावचा रस्ताच बंद झाला.' तिसरे लिहील, 'गावचा रस्ता बंद झाला, कारण पावसाने नदीला पूर आला होता.' पहिल्या वाक्यात कारणांची साखळी आहे, दुसऱ्यात पावसाचा जोर आहे, तिसऱ्यात अडकून पडलेल्या माणसाची काळजी आहे. तिन्ही बरोबर असून तिन्ही निरनिराळी आहेत, हे ज्या वर्गात बोलले गेले त्या वर्गात लेखन शिकविले गेले. येथे आणखी एक गोष्ट ध्यानात यावी. इंग्रजी वाक्य 'जो', 'जे' अशा संबंधी सर्वनामांनी जेथे जोडते तेथे मराठी पुष्कळदा 'ऊन', 'ताना', 'ल्यावर', 'ल्यामुळे' अशा धातुसाधितांनी जोडते. म्हणून इंग्रजी संकेतस्थळावरील सराव भाषांतर करून चालणार नाही. तो मराठीच्या स्वभावातून नव्यानेच रचला पाहिजे. हे काम बालभारती किंवा राज्य मराठी विकास संस्था ह्यांसारख्या संस्थांनी शिक्षकांस हाताशी धरून अंगावर घेण्याजोगे आहे.

दुसरे, मुलाच्या लेखनास वाचक मिळवून द्यावा. आंतरजालाचे खरे सामर्थ्य पाठ साठविण्यात नसून दूरच्या दोन माणसांस एका मजकुरापाशी आणण्यात आहे. आणि शिक्षणात ह्याच सामर्थ्याचा सर्वांत कमी उपयोग होतो. ह्या दृष्टीने आम्हांस एक गोष्ट सुचवावीशी वाटते. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. तो व्याकरण शिकविण्यासाठी काढलेला नाही, आणि त्यातील कित्येक लेख त्रोटक व ओबडधोबड आहेत. पण तेथे एक व्यवस्था आहे, जी कोणत्याही व्याकरणस्थळावर नाही: प्रत्येक लेखाचा फेरफारांचा इतिहास जपला जातो, कोणी काय बदलले ते दिसते, बदलाचे कारण नोंदविता येते, आणि मतभेद झाला तर चर्चेसाठी स्वतंत्र पान असते. नववीच्या वर्गाने आपल्या गावच्या तळ्यावरचा किंवा किल्ल्यावरचा लेख सुधारावयास घ्यावा. माहितीस आधार शोधावा. कोणी अनोळखी माणसाने वाक्य बदलले तर का बदलले ते पाहावे, आणि पटले नाही तर सभ्यपणे वाद घालावा. ज्या मुलाने आपल्या एका वाक्यासाठी असा वाद घातला त्याने लेखनाविषयी जे शिकले ते हजार पर्यायी प्रश्नांनी त्यास कळले नसते. त्याचे ओबडधोबडपण हे तर विद्यार्थ्यास आमंत्रणच आहे. तेथे काम शिल्लक आहे.

तिसरी गोष्ट साधनांविषयी नाही, शिक्षकाविषयी आहे. साठ मुलांचे निबंध तपासणाऱ्या शिक्षकास प्रत्येक मुलाशेजारी बसण्यास वेळ नाही, हे आम्ही जाणतो. म्हणूनच टंकदोष, ह्रस्वदीर्घ, विसर्ग ही कामे तपासनिसाकडे सोपवावी, आणि त्यातून वाचलेला वेळ 'येथे तुला काय म्हणावयाचे होते?' ह्या एका प्रश्नासाठी राखून ठेवावा. यंत्राने शिक्षकाचे ओझे हलके केले तर त्याचे स्वागत आहे. ओझ्याबरोबर त्याने शिक्षकासही खाली उतरविले तर मात्र तो सौदा महाग पडेल.

एकंदरीत पाहता, आंतरजालावरील आजची मराठी साधने ही संग्रह म्हणून मोलाची, परीक्षेची तयारी म्हणून कामापुरती, आणि लेखनाचे शिक्षण म्हणून फार तोकडी आहेत, असा आमचा अभिप्राय आहे. ती तोकडी राहिली ह्याचे कारण यंत्राची मर्यादा नव्हे. शुद्ध लिहिणे आणि लिहिणे ह्यांतील भेद आपणच पुसून टाकला, आणि यंत्रास जे सोपे तेवढेच त्याच्याकडून मागितले. मागणी बदलली तर साधनेही बदलतील, अशी आम्हांस आशा आहे; आणि ती मागणी करण्याचा पहिला अधिकार आणि पहिली जबाबदारी मराठीच्या शिक्षकांची आहे.